माफियाप्रमुख जोसेफ बोनॅनोच्या आत्मचरित्रावर किती विश्वास ठेवावा?

संघटना कशी चालायची हे सांगतो तिथे बराच. स्वतःचे हात स्वच्छ होते म्हणतो तिथे जवळजवळ नाहीच.

१९३१ पासून न्यूयॉर्कच्या पाच माफिया 'कुटुंबां'पैकी, म्हणजे टोळ्यांपैकी, एकीचा हा प्रमुख. त्याचं 'अ मॅन ऑफ ऑनर' १९८३ साली आलं. त्यात त्याने 'कमिशन' नावाच्या म्होरक्यांच्या मंडळाबद्दल मोकळेपणाने लिहिलं आणि ते सगळ्यांच्याच अंगाशी आलं: सरकारी वकील रुडॉल्फ जुलियानी यांनी कमिशनवरच्या खटल्यासाठी त्याचा उपयोग केला. तेच शपथेवर सांगायची वेळ आली तेव्हा बोनॅनोने तोंड उघडलं नाही, न्यायालयाच्या अवमानापायी सुमारे १४ महिने तुरुंग पत्करला. म्हणून हा भाग मी वजनदार मानतो.

अमली पदार्थांचं उलट. आपल्या परंपरेत ते वर्ज्य, असं तो ठासून सांगतो. पण त्याचा उजवा हात कारमाइन गलांटे याला १९६२ मध्ये अमली पदार्थांच्याच खटल्यात २० वर्षांची शिक्षा झाली.

सगळ्यात अडचणीचं प्रकरण ऑक्टोबर १९६४ मधलं. ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) जायच्या ऐन तोंडावर तो गायब झाला आणि मे १९६६ मध्ये थेट मॅनहॅटनच्या न्यायालयात उगवला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे बफेलोचा त्याचा नातलग मॅगॅडिनो याने त्याला पळवलं होतं. एफबीआयच्या छुप्या मायक्रोफोनवर मात्र न्यू जर्सीचा माफियाप्रमुख डिकॅव्हलकँटे म्हणतो की हा बनाव बोनॅनोचाच. अर्थात तोही ऐकीवच बोलत होता. ध्वनिमुद्रण म्हणजे वेदवाक्य नव्हे.

वाचताना वहीत चार रकाने आखा: दावा काय, तो स्वतः तिथे हजर होता का, असं सांगण्यात फायदा कुणाचा, त्याच काळातला कागद कोणता. चौथ्या रकान्यात नंतरची पुस्तकं घालू नका, इथेच बहुतेकांची फसगत होते. सप्टेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कचा माफियाप्रमुख मारान्झानो याचा खून झाला, त्याच सुमारास देशभर डझनावारी जुने म्होरके मारले गेले, ही कथा पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिली. अभ्यासकांनी त्या आठवड्यांची वर्तमानपत्रं चाळली, तेव्हा त्यात बसतील असे खून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले.

आणि १९३१ मधले, अवतरणचिन्हांत दिलेले संवाद सरळ सोडून द्या. ५२ वर्षांनी, तेही सहलेखकाच्या हातून आलेले आहेत ते.