शेजाऱ्यांनी कॉम्प्रेसर दिला, आभार कसे मानू?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. डिस्पॅच तोंडावर आणि आमच्या स्क्रू कॉम्प्रेसरचा एअरएंड, म्हणजे हवा दाबणारा स्क्रूचा भाग, जाम झाला. शेजारच्या कारखानदारांनी त्यांचा ३० एचपीचा स्टँडबाय कॉम्प्रेसर आठ दिवस वापरायला दिला. भाडं विचारलं तर म्हणाले, "पैशाचं नाव काढू नका." ओळख धंद्यापुरतीच. आभार कसे मानावेत?

उत्तर: भाड्याचा विषय पुन्हा काढू नका, त्यांच्या मनाला ते लागेल. मशीन कसं परत जातं, त्यातच निम्मे आभार आले.

आणतानाचं अवरमीटर रीडिंग बघा. रोज २० तास धरले तर आठ दिवसांत १६० तास झाले. तेवढी त्यांची पुढची सर्व्हिस जवळ आली. ती तोंडावर असेल तर तेल आणि फिल्टर त्यांच्याच सर्व्हिसवाल्याकडून बदलून घ्या, खर्च तुमचा. हाताशी आहे म्हणून दुसरं तेल टॉप-अप करू नका. न जुळणारं तेल मिसळलं की चिकट थर धरतो आणि हवेतून तेल वेगळं करणारा सेपरेटर चोक होतो. रिसीव्हरमधलं, म्हणजे हवेच्या टाकीतलं, पाणी काढा. आसपासच्या फाउंड्रींची धूळ कूलरच्या फिन्समध्ये (पातळ पत्र्यांमध्ये) बसते, ती साफ करा. नाहीतर त्यांच्याकडे गेल्यावर मशीन तापून आपोआप बंद पडेल.

सर्वांत जपायचं ते जोडणीला. त्यांच्याकडे परत केबल लावताना फेज उलटसुलट झाल्या तर स्क्रू उलटा फिरतो आणि काही सेकंदांत एअरएंड खराब होऊ शकतो. फेज सीक्वेन्स तपासायला तुमचा इलेक्ट्रिशियन पाठवा आणि त्यांच्या माणसासमोर मशीन लोडवर चालवून दाखवा.

त्याच दिवशी लेटरहेडवर पत्र लिहा आणि स्वतः नेऊन द्या. व्हॉट्सअॅपवरचे हात जोडलेले चित्र इथे फार तोकडं पडतं. मजकूर असा चालेल:

"आपण कॉम्प्रेसर दिलात म्हणून आमचा माल ठरल्या तारखेला गेला आणि एकही पाळी बसून राहिली नाही. आपल्या मेंटेनन्सच्या दोघांनी जेवणाची सुट्टी सोडून केबल जोडून दिली, त्यांनाही आमचे आभार कळवावेत. अडचणीच्या वेळी आमची मशीनं आपलीच समजा."

त्या दोघांची नावं पत्रात जरूर घाला. मालकाचे आभार सगळेच मानतात, घाम गाळणारे राहून जातात. पेढ्यांचा बॉक्स ऑफिसात देऊन येऊ नका, शॉपफ्लोअरवर न्या. शेवटचं वाक्य मात्र खरंच पाळणार असाल तरच लिहा.

भेटवस्तू द्यायचीच तर साधी, घरी वापरता येईल अशी. महागडी वस्तू म्हणजे मागच्या दाराने दिलेलं भाडं, आणि ते त्यांनी नाकारलंय. शिवाय धंद्याच्या निमित्ताने दिलेल्या वस्तू वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेल्या तर १० टक्के टीडीएसचा प्रश्न येतो, आणि भेटवस्तूवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही.