वाचकांचे प्रश्न: टॉर्चखाली विलेमाईट हिरवे का दिसत नाही?

प्रश्न: न्यू जर्सीतील स्टर्लिंग हिल खाणीचा म्हणून एक दगड घेतला. पांढऱ्यात काळे आणि तपकिरी-हिरवट दाणे आहेत. हिरवट दाणे विलेमाईटचे, असे विक्रेता म्हणाला. पण ३९५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली काहीच चमकत नाही. फसलो का? (एक वाचक, एडिसन)

उत्तर: दगडाआधी टॉर्च बदला. विलेमाईट म्हणजे जस्ताचे सिलिकेट. त्यातील किंचित मँगनीजमुळे ते हिरवे चमकते, पण त्यासाठी २५४ नॅनोमीटरचा लघुतरंगी अतिनील दिवा हवा. ३६५ वर काही नमुने फिकट हिरवे दिसतात; ३९५ च्या टॉर्चचा मात्र जांभळा उजेडच डोळ्यांत भरतो. खोलीत पूर्ण अंधार करा आणि दगड काचेच्या पेटीबाहेर काढा, कारण साधी काच २५४ अडवते. डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवा, उघड्या हातावरही प्रकाश पडू देऊ नका. विलेमाईट झगझगीत हिरवे आणि पांढरे कॅल्साईट लालसर नारिंगी दिसले, तर ही जोडी फ्रँकलिन आणि स्टर्लिंग हिल या न्यू जर्सीतील शेजारच्या खाणींची ओळखच समजा. काहीच चमकले नाही तरी नमुना खोटा ठरत नाही. लोह जास्त असले की चमक मरते.

काळे दाणे बहुधा फ्रँकलिनाईटचे, म्हणजे जस्त, लोह आणि मँगनीजच्या ऑक्साईडचे. टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासल्यास त्यांचा कस (उमटलेल्या रेघेचा रंग) तांबूस-तपकिरी ते गडद तपकिरी येतो, विलेमाईटचा पांढरा. चाकूचा ओरखडा इथे निकाल देत नाही, कारण विलेमाईटची कठिनता ५.५, म्हणजे पोलादी पात्याच्या आसपासच.

विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या किती पट जड (विलेमाईटचे ३.९ ते ४.२), अख्ख्या दगडाचे काढू नका. कॅल्साईट २.७ आणि फ्रँकलिनाईट ५ च्या वर. सरासरीला काही अर्थ उरत नाही. सुटा, स्वच्छ तुकडा घ्या आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा सोनाराचा काटा वापरा. आधी तुकडा कोरडा तोला. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि बारीक दोऱ्याने तुकडा पूर्ण बुडवा, तळाला न टेकवता. कोरडे वजन ६.१५ आणि पाण्यातला आकडा १.५० आला, तर भागाकार ४.१. बुडबुडे चिकटले तर दुसरा आकडा फुगतो आणि उत्तर कमी येते. पाणी उकळून निववा, त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाका.

प्रश्न: निळा, द्राक्षांच्या घोसासारखा नमुना हेमिमॉर्फाईट की स्मिथसोनाईट? (एक वाचक, पुणे)

उत्तर: दोन्ही जस्ताचीच खनिजे: हेमिमॉर्फाईट सिलिकेट (विशिष्ट गुरुत्व ३.४ ते ३.५), स्मिथसोनाईट कार्बोनेट (४.३ च्या पुढे). मागच्या, न दिसणाऱ्या बाजूचा कण विरल हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करा. फसफसला तर स्मिथसोनाईट. परीक्षानळीत तापवून पाण्याचे थेंब पाहण्याची जुनी चाचणीही आहे: हेमिमॉर्फाईट पाणी सोडते. पण खाली तपकिरी लिमोनाईट (गंजासारखे लोहखनिज) चिकटलेले असेल तर तेही पाणी सोडते, म्हणून आधी ते खरवडून काढा.