रणगाड्यांपलीकडचं युद्ध

प्रश्न : मी नववीला इतिहास शिकवते. युद्धाचा धडा आला की मुलं रणगाडे नि क्षेपणास्त्रांतच रमतात. माणसांचं काय झालं, हे कसं पोचवू?

उत्तर : बाई, रमू द्या थोडा वेळ, त्या वयात मीही रमलो होतो. नंतर शिक्षक झाल्यावर मी वर्गाला मनानं सारायेव्होत, बोस्नियाच्या राजधानीत, न्यायचो. १९९२ ते १९९६ या शहराला वेढा होता. नळ आटले, तेव्हा लोक बिअरच्या कारखान्यातल्या पाण्यासाठी रांग लावत आणि त्या रांगेवरही तोफगोळा पडला. ‘घरातून पाण्याला कोण जाईल?’ एवढंच विचारायचो. वर्ग चिडीचूप!

६ एप्रिल २०१२ला तिथल्या मुख्य रस्त्यावर मृतांसाठी ११,५४१ लाल खुर्च्या रिकाम्या मांडल्या होत्या. त्यांत ६४३ छोट्या, मुलांच्या. आपल्या वर्गातली बाकं मोजायला लावा आणि असे किती वर्ग होतील ते मुलांनाच काढू द्या.

रक्ताचे फोटो मात्र नकोत. मी एकदा दाखवले. मागच्या बाकावरचे हसले, पुढची एक मुलगी दोन दिवस आली नाही. कुणाच्या घरी सैनिक किंवा निर्वासित आहे का, याची आधी हळूच चौकशी करा.