वडिलांना ब्लड कॅन्सर, शेवटच्या स्टेजवर हर्बल चहाची टेस्टिंग चालू आहे म्हणतात. द्यावा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वडिलांना मल्टिपल मायलोमा (हाडांच्या आतल्या मगजातला ब्लड कॅन्सर) आहे, दुसऱ्यांदा उलटलाय, आणि एक पाहुणे म्हणायलेत की अशाच पेशंटवर एका हर्बल चहाची टेस्टिंग चालू आहे, नऊ हजार भरून नाव नोंदवायचं आणि इंजेक्शन बंद करून तीन महिने चहाच प्यायचा. मी डॉक्टर नाही, अंबाजोगाईकडचा शेतकऱ्याचा पोरगा आहे. पण आमच्या अण्णांना हाच आजार होता आणि असलाच एक पुडा आमच्या घरात पण आला होता, म्हणून लिहायलोय.

आधी त्या नऊ हजाराचं बोलतो. जे औषध खऱ्या ट्रायलमधे, म्हणजे पेशंटवरच्या रीतसर टेस्टिंगमधे, तपासायचं असतं त्याचे पैसे पेशंटकडून घेत नसतात. आपल्या देशात 2009 पासून ट्रायल सुरू करायच्या आधी सीटीआरआय नावाच्या सरकारी रजिस्ट्रीत नोंदवावी लागते, आयुर्वेदाची असली तरी, आणि ती नोंद कुणालाही फुकट बघता येते. पेशंटला समजेल अशा भाषेत संमतीपत्र देतात, त्यावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा संपर्क असतो, ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार कोण करणार ते लिहिलेलं असतं. पाहुण्याला एवढंच विचारा, सीटीआरआय नंबर सांगा. नंबर नसेल तर ती टेस्टिंग नाही, विक्री आहे. आणि कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला तर 1954 च्या कायद्यानंच बंदी आहे.

आता अण्णांचं. सहा-सात महिने कंबरदुखी म्हणून गोळ्या खाल्ल्या, सोयाबीन काढताना वाकता येईना तेव्हा कुठं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसहा, किडनीवर पण परिणाम झालेला. मग बार्शीला नेलं, तिथं बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी होऊन निदान झालं आणि बोर्टेझोमिब सुरू झालं, पोटावर कातडीखाली देतात ते इंजेक्शन, दर आठवड्याला. फरक पडायला लागला होता, काठी सोडून अंगणात फिरायलते. तेवढ्यात आत्याच्या सासरकडून तो पुडा आला. पुड्यावर ग्रीन टी, गुळवेल, हळद एवढंच लिहिलेलं, किती प्रमाण ते काहीच नाही. आईनं श्रद्धेनं दिवसातून चार वेळा उकळून दिला आणि डॉक्टरांना सांगितलं नाही, रागावतील म्हणून. मला माहीत होतं, मी पण गप्प बसलो, म्हटलं चहाच तर आहे, पाल्यानं काय होतंय.

दोन महिन्यांनी रिपोर्टमधलं प्रोटीन, ज्यावरून हा आजार किती आहे ते कळतं, परत वाढलं. चहामुळंच वाढलं असं मी म्हणणार नाही, हा आजार तसाही उलटतो. पण त्या दिवशी डॉक्टर मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, बाहेरचं काही चालू आहे का, आणि आईनं पिशवीतून पुडा काढून टेबलावर ठेवला. मॅडम एक शब्द रागावल्या नाहीत, समजावून सांगितलं. 2009 मधे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांनी ग्रीन टी मधला ईजीसीजी हा घटक आणि बोर्टेझोमिब एकत्र तपासलं, त्यांना वाटलं होतं की चहा औषधाला मदत करेल, झालं उलटं. या औषधात बोरॉन असतं आणि चहातला तो घटक नेमका त्यालाच जाऊन चिकटतो, मग औषध कॅन्सरच्या पेशीवर कामच करत नाही. हे प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर दिसलं, पण तेव्हापासून हे इंजेक्शन चालू असताना ग्रीन टी नको असंच सांगतात. आई तिथंच रडायला लागली. तिची काय चूक होती सांगा, तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

मी झाडपाल्याला नावं ठेवत नाही. आपल्या दारातली सदाफुली बघा, शुगरसाठी सकाळी पानं चावणारे आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. जमैकात पण तिच्या पानांचा चहा डायबेटिससाठी प्यायचे, 1952 च्या सुमारास ती पानं कॅनडात रॉबर्ट नोबल या संशोधकाकडं आली, शुगर काही उतरली नाही पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. त्यातून विनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध निघालं आणि पुढं व्हिनक्रिस्टिन, जे आजही लहान लेकरांच्या ल्युकेमियाला, म्हणजे ब्लड कॅन्सरला देतात. पण व्हिनक्रिस्टिनचा डोस मिलिग्रॅममधे असतो, मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 2 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, कारण नसांवर परिणाम होतो, हातापायाला मुंग्या येतात. उकळलेल्या पाल्यात किती उतरलं हे कोण मोजणार? म्हणून सदाफुली पण घरी उकळून देऊ नका.

ग्रीन टीची खरी टेस्टिंग पण झालेली आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधे सीएलएल या ब्लड कॅन्सरच्या 42 पेशंटना ग्रीन टीचा अर्क कॅप्सूलमधून दिला, 2000 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा महिने. जवळपास तीनात एकाच्या लिम्फोसाइट (या आजारात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 20 टक्के किंवा जास्त कमी झाल्या. मात्र ते सगळे सुरुवातीच्या स्टेजचे होते, ज्यांना अजून उपचाराची गरजच नव्हती, आणि आजारही वेगळा. त्यावरून तुमच्या वडिलांचं इंजेक्शन बंद करा म्हणणारा माणूस तुम्हाला फसवायलाय, भले त्याला स्वतःला ते कळत नसेल.

पाहुण्यांशी भांडू नका, ते पण जीव तुटतोय म्हणूनच आणतात. वडिलांना काहीतरी गरम प्यायची इच्छा असेल तर काय चालेल ते डॉक्टरांनाच विचारा. आत्ता आधी फाइल काढा आणि त्यात बोर्टेझोमिब लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर चहा देऊ नका, सुरू केला असेल तर आजच थांबवा, इंजेक्शनची तारीख चुकवू नका, आणि चहाचा पुडा घरात आला असेल तर पुढच्या ओपीडीला पिशवीत घालून सोबत न्या.