कोपीतल्या मुलीची गोष्ट लिहिताना

प्रिय मुली,

तुझं हस्तलिखित मिळालं, सावकाश वाचलं. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली दहा वर्षांची मुलगी, तिच्या कडेवरचा भाऊ, पाचटाची झोपडी म्हणजे कोपी, मागे राहिलेली शाळा. दहा ते तेरा वर्षांच्या वाचकांसाठी हे पुस्तक मराठीत यायलाच हवं. तू ते पूर्ण करावंस असं मला फार वाटतं, म्हणून हातचं न राखता लिहिते आहे.

तुझ्या गोष्टीतली मुलगी सोसते, रडते आणि शेवटी एक प्रेमळ गुरुजी तिला आपल्या घरी ठेवून घेतात. वाचणाऱ्या मुलाचा जीव कळवळेल यात शंका नाही. पण ही मुलगी शाळेतून उठली कशामुळे, हे पुस्तक मिटल्यावरही त्याला सांगता येणार नाही. पाऊस पडला नाही, वडील गरीब होते, एवढंच तू दिलं आहेस. पाऊस पुण्यातही कधीकधी पडत नाही, म्हणून तिथल्या मुलांची शाळा सुटत नाही. मुलांसाठी हक्कांबद्दल लिहिणाऱ्याने अन्याय चालतो कसा ते दाखवावं, असं माझं ठाम मत आहे. नुसतं दुःख दाखवलं की वाचणारं मूल कीव करायला शिकतं. आणि जिची कीव करतो तिला आपण बरोबरीची मानत नाही.

तुझ्या नायिकेचंच बघ. हंगाम सुरू होण्याआधी मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत माघारी फिरता येत नाही. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मजुरी टनावर, त्या जोडीच्या नावावर मिळते. बाई तान्ह्या मुलापाशी कोपीत बसली तर कोयता अर्धा झाला. एखाद्या दिवशी अंगात ताप म्हणून कामावर गेलं नाही तर खाडा पडतो आणि तो हिशोबात कापला जातो. मग तान्ह्याला सांभाळायचं कोणी? दहा वर्षांच्या थोरलीने. हे सगळं तुला माहीत आहे. तू बीडच्या वाड्यावस्त्यांवर राहून आली आहेस, तुझ्या टिपणांत उचल आहे, खाडा आहे, मध्यरात्री गाडी आली की उठून मोळ्या वाहणाऱ्या बायका आहेत. गोष्टीत मात्र त्यातलं काहीच उतरलेलं नाही. मुलांना हिशोब कळणार नाही असं वाटलं का? बाजारात दोन रुपये कमी मिळाले तर आठ वर्षांचं पोर लगेच ओळखतं. रात्री कंदिलापाशी बाप वहीत टनांचा हिशोब मांडतो आहे आणि मुलगी त्याच्या खांद्यावरून वाचते आहे, असं एक पान लिही. तिला वजाबाकी येते, बापाला अडखळायला होतं. उचलीतून किती फिटलं आणि किती उरलं हे तिला आधी कळतं.

या बाबतीत मला बाबासाहेबांची एक आठवण नेहमी पुढे ठेवावीशी वाटते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनपर टिपणात ती आहे. 1901 सालची गोष्ट, भीमराव तेव्हा नऊएक वर्षांचे. वडील सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला नोकरीला होते, त्यांनी सुटीत मुलांना बोलावलं. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं असा थाट करून मुलं सातारहून निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने विचारपूस करतो, जात कळताच त्याचा चेहरा बदलतो आणि तो निघून जातो. गाडीवाले दुप्पट भाडं द्यायची तयारी असूनही नेईनात. अखेर तोडगा निघतो तो असा की दुप्पट भाडं घ्यायचं, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं. शिदोरी बरोबर आहे, पण वाटेत पाणी कोणी देत नाही, म्हणून मुलं उपाशी झोपतात.

या प्रसंगात कोणी कोणाला मारत नाही, रक्ताचा थेंब नाही, तरी वाचणाऱ्या मुलाच्या घशाला कोरड पडते. अन्यायाची सगळी रचना त्याला दिसते. पैसे आहेत, कपडे चांगले आहेत, वागणं सभ्य आहे, तरीही गाडी मिळत नाही. म्हणजे कारण गरिबी नाही, हे त्याचं त्यालाच उमगतं. त्याच टिपणात शाळेतलं गोणपाट आहे. त्यावर बसायचं, आणि शाळेचा गडी त्याला हात लावणार नाही म्हणून संध्याकाळी घरी न्यायचं, सकाळी परत आणायचं. शिपाई आला तरच नळ सुटायचा, नाहीतर तहानलेलं राहायचं. गोणपाट आणि नळ या दोन वस्तूंवरून चौथीतल्या मुलाला जी अस्पृश्यता कळेल, ती परिच्छेदभर व्याख्येने कळणार नाही.

आता एक नाजूक गोष्ट. तुझी नायिका ‘एका गरीब घरातली’ आहे, यापलीकडे तू तिची ओळख दिलेली नाहीस. मराठी बालसाहित्याने ‘गरीब’ या शब्दाआड जात पुष्कळ वर्षं झाकून ठेवली. गोष्टीत पाटलाचा वाडा येतो, गावाबाहेरची वस्ती येते, पण ती बाहेर का, हे कोणी विचारत नाही. तुझ्या मनात ही मुलगी कोणत्या समाजाची आहे? माहीत असेल तर गोष्टीत येऊ दे, आडनावातून, देवातून, बोलीतून. माहीत नसेल तर पुन्हा जाऊन त्या घरांत बस. शहरातल्या पालकांना असा उल्लेख खटकेल म्हणून तो टाळू नकोस. ज्या मुलांना आपली जात रोज शाळेत ऐकवली जाते, ती मुलंही तुझी वाचक आहेत.

बोलीचंही तेच. मुलीची आई ‘तू काय करते आहेस’ असं म्हणत नाही. ती ‘काय करायलीस’ असं म्हणेल. निवेदन तुझ्या भाषेत राहू दे, संवाद मात्र त्यांच्या तोंडचे हवेत, आणि त्यांना तळटिपा लावू नकोस. वाक्य पुढे गेलं की अर्थ लागतो.

मूल स्वतः विचार करतं, युक्तिवाद करतं, यावर विश्वास ठेव. 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मुलगी. तो निबंध तुझ्या वाचकांना मोठ्याने वाचून दाखव, भाषा जुनी आहे पण अडत नाही. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं हे ती सांगते, आणि तेवढ्यावर थांबत नाही. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचं धर्मपुस्तक कोणतं, असा प्रश्न ती रोखठोक विचारते. तिला कोणाची दया नको आहे, उत्तर हवं आहे. तुझ्या नायिकेकडे असा एकही प्रश्न नाही. तिला एक तरी दे, आणि त्याचं उत्तर गुरुजींनी चटकन देऊन टाकू नये.

गुरुजी पुस्तकातून काढून टाक, असं मी म्हणत नाही. चांगले शिक्षक असतात, मी पाहिले आहेत. पण त्यांनी तिला घरी ठेवून घेतलं की शाळा हा उपकार होतो. 2010 च्या 1 एप्रिलपासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्याच कायद्याचं पाचवं कलम वाच. शाळा बदलायची असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला हातात नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही. यात एक अख्खं प्रकरण आहे. बाप शाळेच्या दारात उभा आहे, डोक्यावरची टोपी हातात घेतलेली. आतून ‘पुढच्या आठवड्यात या’ असं उत्तर येतं. पुढच्या आठवड्यात तो चारशे किलोमीटर दूर उसाच्या फडात असणार. मुलगी खिडकीतून हे ऐकते आहे. तिला जर पाचवं कलम ठाऊक असतं तर ती काय बोलली असती? तुझ्या गुरुजींचं काम इथे आहे. त्यांनी तिला कलम सांगावं, बोलायचं मात्र तिनेच.

ती बोलून जिंकलीच पाहिजे असंही नाही. पोलंडमधल्या वॉर्सामध्ये अनाथाश्रम चालवणारे यानुश कोर्चाक मुलांसाठी लिहीत. त्यांच्या आश्रमात मुलांचं न्यायालय होतं, त्यात मुलं न्याय करायची आणि शिक्षकांवर, खुद्द कोर्चाकांवरही फिर्याद करता यायची. 1923 साली त्यांनी एका बालराजाची कादंबरी लिहिली. तो राजा मुलांची संसद भरवतो, सुधारणा करू पाहतो आणि हरतो. कोर्चाकांनी ती हार मुलांपासून लपवली नाही. नाझींच्या वेढ्यातल्या ज्यूंच्या वस्तीत, जुलै 1942 मध्ये, त्यांच्या मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ रंगभूमीवर केलं. पुढच्या महिन्यात कोर्चाक आणि ती मुलं त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेली गेली. मुलांना खोटा दिलासा न देता लिहिता येतं, हे मला त्यांच्याकडे पाहून पटलं. तुझ्या गोष्टीत शेवटी गाडी सुटली आणि मुलगी फडावर गेली तरी चालेल. मात्र दप्तरात दाखला आहे की नाही, यावर वाचकाचा जीव टांगलेला राहिला पाहिजे.

चित्रांबद्दल दोन शब्द. तू नमुन्यादाखल पाठवलेल्या चित्रात मुलीचे डोळे पाण्याने भरलेले आहेत, फ्रॉक फाटका आहे. तसलं चित्र देणगीच्या पत्रकावर असतं. 2011 चं ‘भीमायन’ हे चित्रकथेचं पुस्तक मिळवून बघ. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे हे प्रसंग रंगवले आहेत. त्यात विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे, मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे. वाचता न येणारं मूलही कोण कसं बोलतंय ते ओळखतं. तुझ्या चित्रकाराने आधी फडावर जाऊन कोयता कसा धरतात, मोळी डोक्यावर कशी चढवतात, उसाच्या शेंड्यांचं वाढं कसं बांधतात हे काढून आणावं. त्या मुली हसतात, भांडतात, एकमेकींच्या वेण्या घालतात, तेही काढावं.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर प्रश्नोत्तरं नकोत, 1098 हा मदतीचा क्रमांक आणि पाचव्या कलमाचा सोप्या मराठीतला मजकूर असू दे. छापण्याआधी नवा खर्डा कारखान्याच्या आसपासच्या, तोडणी मजुरांच्या मुलांसाठीच्या एखाद्या साखरशाळेत किंवा हंगामी वसतिगृहात वाचून दाखव. ‘असं नसतंय’ असं पोरं कुठे म्हणतात तिथे खूण कर आणि त्या जागा त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घे.

अजून एक. तुझा मुकादम सरसकट दुष्ट आहे, मिशा पिळणारा. बहुतेक वेळा तोही त्याच गावचा, कधी स्वतः ऊस तोडलेला असतो. त्याला पैसे कोण देतं, मजूर पळाले तर ते कोणाला भरून द्यावे लागतात, आणि कारखान्याच्या कागदावर या मुलीच्या आईचं नाव कुठे असतं का, हे पुढच्या खेपेला विचारून ये. ते कळल्यावर तिसरं प्रकरण पुन्हा लिही आणि तेवढंच मला पाठव.

तुझी,
ताई