पानठेला बदलला तर खर्रा सुटतो का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं निवडली आहेत. तिघांचे विषय वेगळे दिसतात पण तिघांनाही एकच गोष्ट छळतेय, सवय लावायची किंवा सोडायची म्हटलं की आपण सगळा भार स्वतःच्या जिद्दीवर टाकतो आणि आजूबाजूला कोण आहे, काय आहे, ते बघतच नाही. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बुटीबोरी एमआयडीसीत ऑपरेटर आहे, वय 34. बऱ्याच वर्षांपासून खर्रा खातो. सुट्टीच्या दिवशी घरी असलो, पोरांसोबत असलो तर फारशी आठवण येत नाही. पण ड्युटीवर चहाची सुट्टी झाली की गेटसमोरच्या पानठेल्यावर सगळे जमतात आणि हात आपोआप पुढे जातो. सोडला, परत धरला, असं कितीदा झालं. बायको म्हणते तुमच्यात जिद्दच नाही. खरंच माझी विल पॉवर कमी आहे का?

उत्तर : नाही. आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, तुमच्याच पत्रात ते लिहिलंय. रविवारी घरी बसलेला माणूस आणि सोमवारी गेटवर उभा असलेला माणूस एकच आहे ना, मग एका रात्रीत जिद्द कुठे गेली? जिद्द तीच आहे, बदलली ती जागा, वेळ आणि सोबतची माणसं.

खर्रा कसा खाल्ला जातो ते विदर्भाबाहेरच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगते. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून ठेलेवाला तो चांगला घोटून देतो, आणि ती पन्नी बहुतेक वेळा एकट्याची राहत नाही. एक जण उघडतो, चार हात पुढे येतात, प्रत्येक जण चिमूटभर उचलतो, आज तुझी पन्नी तर उद्या माझी. सुपरवायझरची तक्रार, ओव्हरटाइमचा हिशोब, कोणाच्या पोरीचं लग्न जमलं, सगळं त्या दहा मिनिटांत बोलून होतं. तिथे ‘मला नको’ म्हटलं की लगेच ‘काऊन बे, काय झालं?’ सुरू होतं. म्हणजे तुम्ही नाही म्हणता ते नुसतं तंबाखूला नसतं, त्या माणसांना नाही म्हटल्यासारखं होतं, आणि ते जड जातं.

व्हिएतनाम युद्धाच्या वेळची एक गोष्ट सांगते. तिथे अमेरिकन सैनिकांना हेरॉइन सहज मिळायचं. ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी सप्टेंबर 1971 मध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला, तेव्हा जवळपास 20 टक्के सैनिकांनी सांगितलं की तिथे असताना आम्ही व्यसनात अडकलो होतो. सगळ्यांना वाटलं आता ही पोरं घरी येऊन आयुष्यभर त्यातच राहणार. पण त्या अडकलेल्यांपैकी पहिल्या वर्षात फक्त 5 टक्क्यांच्या आसपास लोक पुन्हा व्यसनात गेले. बाकीच्यांची जिद्द विमानात बसल्यावर वाढली असं काही नाही, ती छावणी मागे राहिली, तो माल मागे राहिला, ते सोबती पांगले आणि इथे आई-बाप, नोकरी, शेजारी होते. हेरॉइनचं असं होऊ शकतं तर खर्र्याचं का नाही होणार.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम मी नोकरी सोडू का? नोकरी नाही सोडायची, ती दहा मिनिटं बदलायची. चहा गेटबाहेर न घेता आत कॅन्टीनमध्ये घ्या, आणि लाइनवर न खाणारे जे कोणी असतील, असतातच दोन-तीन जण, त्यांच्यासोबत बसा. पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटेल. पण मला विचाराल तर याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या ठेल्यावरच्या गँगमधला एक जण सोबत ओढा. सोडायचा विचार मनात असलेला कोणीतरी तिथे नक्की असतो, फक्त बोलत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 1971 ते 2003 या काळात 12 हजारांवर लोकांच्या नोंदी झाल्या, त्यात दिसलं की नवऱ्याने किंवा बायकोने सिगारेट सोडली की जोडीदार ओढत असण्याची शक्यता 67 टक्क्यांनी कमी, मित्राने सोडली तर 36 टक्क्यांनी, आणि छोट्या ऑफिसमधल्या सहकाऱ्याने सोडली तर 34 टक्क्यांनी कमी. यातला किती भाग खरोखर एकमेकांच्या प्रभावाचा आणि किती भाग सारख्या स्वभावाची माणसं एकत्र येण्याचा यावर वाद आहे, तो असू दे. पण लोक घोळक्या-घोळक्याने सोडत गेले हे त्यात स्पष्ट दिसलं.

आपल्याकडे गडचिरोलीत 2016 पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूविरोधी मोहिमेचं काम चालू आहे, तिथे नुसतं एकेकाला धरून ‘दारू सोड, तंबाखू सोड’ म्हणत बसत नाहीत, गावाची संघटना बनते आणि आमच्या गावात विक्रीच नको असं गाव ठरवतं. मला ही पद्धत फार पटते. राज्यात गुटखा-पानमसाल्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी खर्रा कुठे मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, नुसत्या सरकारी कागदाने भागत नाही, आजूबाजूच्या माणसांनी ठरवावं लागतं.

शरीराचं पण थोडं बघू. निकोटिन बंद केलं की पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात, चिडचिड, झोप उडणं, कामात लक्ष न लागणं, आणि दोन ते चार आठवड्यांत ते बरंच ओसरतं. तलफ आली की ती काही मिनिटांत उतरते, तेवढ्यापुरतं पाणी, बडीशेप, लवंग, नाहीतर मशीनकडे एक चक्कर. फारच त्रास झाला तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम घ्या. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे, 1800-11-2356, तिथे माणूस बोलतो तुमच्याशी. एक मात्र करू नका, तंबाखू सोडून साधी सुपारी धरू नका. कॅन्सरवर काम करणाऱ्या जागतिक संस्थेने 2004 मध्येच सुपारीला स्वतंत्रपणे कॅन्सर करणारा पदार्थ ठरवलंय. आज आरशासमोर उभं राहून तोंड पूर्ण उघडा आणि आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील, किंवा तिखट खाल्लं की तोंडाची आग होत असेल, गालाच्या आत पांढरा चट्टा दिसत असेल, तर या आठवड्यात दाताच्या डॉक्टरकडे जा.

आणि वहिनींसाठी, म्हणजे हे पत्र त्यांना वाचून दाखवा. त्यांची काळजी शंभर टक्के खरी आहे. पण ‘तुमच्यात जिद्द नाही’ ऐकलेला माणूस लपून खायला लागतो. त्यापेक्षा संध्याकाळी ‘आज कॅन्टीनमध्ये कोणासोबत बसले?’ एवढं विचारा.

प्रश्न : वय 58, सोलापूर जिल्हा. दरवर्षी आळंदीहून दिंडीत चालत जातो. वारीत पहाटे उठतो, रोजचं चालणं होतं, शुगर ताब्यात असते, मन शांत. घरी आल्यावर आठवडाभरात सगळं मोडतं. मुलगा म्हणतो मोबाइलमध्ये ॲप टाका, 21 दिवस केलं की सवय लागते. वारीत तर जवळजवळ तेवढे दिवस होतातच, मग का लागत नाही?

उत्तर : काका, तुमचा प्रश्न वाचून मला खूप आनंद झाला, कारण 21 दिवसांचा तो मेसेज सगळीकडे फिरत असतो आणि तुम्ही तो स्वतःच्या अनुभवावर तपासलात.

21 दिवसांचं काही पक्कं नसतं. लंडनच्या एका विद्यापीठात 96 जणांना रोज एक छोटी गोष्ट ठरलेल्या वेळी करायला सांगितली, कोणाला नाश्त्यानंतर चालायचं, कोणाला जेवणासोबत फळ खायचं, तर ती अंगवळणी पडायला मधल्या माणसाला 66 दिवस लागले. आणि फरक केवढा, कोणाला 18 दिवस तर कोणाला 254 दिवस लागतील असा हिशोब निघाला. त्यातच हेही दिसलं की एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही, म्हणून एक खाडा झाला की ‘आता मोडलंच’ म्हणून सोडून देऊ नका.

पण तुमच्या बाबतीत दिवसांपेक्षा मोठं कारण वेगळं आहे. दिंडीत उठायचं की नाही हे तुम्ही ठरवतच नाही. शेजारचा उठतो, तंबूच्या दोऱ्या सुटायला लागतात, ट्रकमध्ये सामान चढतं, झोपून राहिलात तर अंगावरचा तंबूच जाईल. पुढे विणेकरी, मागे टाळकरी, पाय चालतात कारण रांग चालते. आणि कशासाठी चालतोय हे कोणाला सांगावं लागत नाही. घरी आल्यावर पहाटे 5 ला सगळं घर झोपलेलं, उठायचं ते शुगरसाठी, आणि ते कारणसुद्धा डॉक्टरांचं, तुमचं नाही. विठ्ठलासाठी उठणारा माणूस रिपोर्टसाठी उठत नाही, यात आळशीपणा कसला?

म्हणून ॲप टाकायचं तर टाका, पण आधी तुमच्या दिंडीतले गावातले किंवा शेजारच्या वाडीवरचे दोघं-तिघं गाठा. पहाटे मंदिरापर्यंत लांबच्या रस्त्याने चालत जायचं, दर्शन घ्यायचं, परत यायचं, आणि जो आधी तयार होईल त्याने दुसऱ्याच्या दाराशी जाऊन हाक मारायची. कार्तिकात काकडा सुरू होतो तेव्हा तर गावच उठलेलं असतं, सुरुवात तिथून केलीत तर सोपं जाईल. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी किती चालायचं ते डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. पूर्वी गोष्टीची पुस्तकं स्वतःहून वाचायचा. अजून वाचावं म्हणून आम्ही एका पुस्तकाला 10 रुपये द्यायला लागलो. आता पैसे नाही म्हटलं की पुस्तकाला हातच लावत नाही. काय करू? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, पैसे बंद करा, पण रागावून किंवा शिक्षा म्हणून नाही. 1973 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर छान सर्टिफिकेट मिळेल, काहींना काहीच सांगितलं नाही. नंतर मोकळ्या वेळात बक्षिसासाठी काढणारी मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम मजुरीचं झालं की आवड मागे पडते. गंमत म्हणजे ज्यांना न सांगता नंतर अचानक बक्षीस दिलं त्यांच्यात ही घट दिसली नाही, त्यामुळे कधीतरी सहज एखादं पुस्तक आणून दिलंत तर काही हरकत नाही.

आता काही आठवडे तो वाचणार नाही, तेवढं सोसा. घरात रात्री जेवणानंतर कोणाच्या हातात काय असतं ते बघा, तिघांच्या हातात तीन मोबाइल असतील तर त्याने एकट्याने पुस्तक का धरावं? तेवढा अर्धा तास तुम्ही किंवा त्याचे बाबा मोठ्याने वाचा, त्याला ‘वाच’ म्हणू नका, नुसतं जवळ बसू द्या. लायब्ररी जवळ असेल तर पुस्तक त्यालाच निवडू द्या, भुतांचं निवडलं तरी चालेल, क्रिकेटचं निवडलं तरी चालेल. आणि त्याच्या वर्गातला एखादा वाचणारा मित्र असेल तर शनिवारी घरी बोलवा, दोघांना पुस्तकं अदलाबदल करू द्या, पुढचं ते दोघं बघतील.