मियू मिनी प्लसवर ओनियन टाकताय? आधी कार्ड बदला

मियू मिनी प्लस हा हातात धरून खेळायचा छोटा गेम कन्सोल, आणि ओनियन ही त्यावर टाकायची पर्यायी सिस्टिम. कन्सोलसोबत आलेलं एसडी कार्ड पुसू नका, तसंच बाजूला ठेवा. त्यावर भरवसा नसतो, कधीही दगा देतं. पण त्यातल्या बायोस फायली (काही जुने गेम चालवायला लागणाऱ्या सिस्टिम फायली) पुढे लागतीलच. सँडिस्क किंवा सॅमसंगचं अस्सल कार्ड घ्या, फॅट३२ या फाइल पद्धतीत फॉरमॅट करा.

नवखे हमखास अडतात ते इथे: ओनियनची झिप उघडली की सगळं एका फोल्डरमध्ये जातं आणि तो फोल्डर तसाच कार्डावर टाकला जातो. मग ओनियन सुरूच होत नाही. आतल्या फायली थेट कार्डाच्या मुळाशी हव्यात, कुठल्याही फोल्डरच्या आत नकोत. टिंबाने सुरू होणारा टीएमपी_अपडेट फोल्डर मॅकवर लपलेला असतो, तोही कार्डावर टाकायला विसरू नका.

बॅटरी भरून घ्या. इन्स्टॉल चालू असताना बटणांना हात नको. नाहीच आवडलं तर मशीन बंद करून जुनं कार्ड घाला, मूळ सिस्टिम परत हजर.